न दिसण्याचे पाप

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अखेरच्या न्यायाचे वर्णन आपण अनेकदा ऐकले आहे. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट, ही न्यायाची सूची आपल्याला पाठ असते. परंतु डावीकडे उभे केलेले लोक आपल्या बचावासाठी काय सांगतात, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आपल्याजवळ अन्न नव्हते, असे ते म्हणत नाहीत. वेळ नव्हता, असेही म्हणत नाहीत. त्यांचा बचाव एवढाच, की प्रभूला त्या अवस्थेत आपण कधी पाहिलेच नाही. न्यायाधीश तो बचाव मान्य करीत नाही. विशेष हे, की उजवीकडचे नीतिमान लोकही तसाच प्रश्न विचारतात. प्रभूला त्यांनीही ओळखलेले नव्हते. मात्र भुकेला माणूस त्यांच्या नजरेस पडला होता.

या दृष्टांतापुढे थोडे थांबले, की मन अस्वस्थ करणारा एक प्रश्न उभा राहतो. जे मुळात दिसलेच नाही, त्याबद्दल माणसाला दोषी धरता येते काय?

आपले नीतिशास्त्र या बाबतीत उतावळे नाही. गंभीर पाप घडण्यासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत, असे ख्रिस्तसभा शिकवीत आली आहे. जाणीवच नसेल, तर दोष कोठला? परंतु त्याच शास्त्राने अज्ञानाचे दोन प्रकारही सांगितले आहेत. एक, माणसाला प्रयत्न करूनही दूर करता न येणारे अज्ञान; दुसरे, प्रयत्न केला असता दूर होऊ शकणारे अज्ञान. पहिल्याबद्दल दोष नाही. दुसऱ्याबद्दल आहे. महाभारताच्या भाषेत सांगायचे, तर धृतराष्ट्राचे आंधळेपण एक आणि गांधारीचे दुसरे. एकाला डोळ्यांनी दिसत नव्हते, दुसरीने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली होती.

आता प्रश्न असा, की आपले न दिसणे यांपैकी कोणत्या प्रकारचे? याचे उत्तर देण्यापूर्वी दिसणे म्हणजे काय, ऐकू येणे म्हणजे काय, स्पर्श कळणे म्हणजे काय, हे आपल्याला पाहिले पाहिजे.

उघडी दारे

इंद्रियांविषयी विचार करताना आपल्या मनात बहुधा दाराचे किंवा खिडकीचे चित्र असते. आपल्या भाषेत ‘इंद्रियद्वारे’ हा शब्दच आहे. दार उघडे असले, की जे बाहेर आहे ते आत येते. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथाचा आरंभ माणसाच्या ज्ञानलालसेने केला आणि तिचा पुरावा म्हणून इंद्रियांची, त्यातही दृष्टीची, आवड पुढे केली. संत थॉमस अक्विनस यांनी त्याच परंपरेत राहून मानवी बुद्धीचे सारे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते, असे प्रतिपादन केले. कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. घोडे ताब्यात नसतील तर रथ खड्ड्यात जातो, हा त्याचा आशय. आपल्या तपस्वी परंपरेतील इंद्रियनिग्रहाची शिकवण याच अंगाने जाते. दारावर पहारा ठेवा, नको ते आत येऊ देऊ नका.

ही शिकवण आम्ही सेमिनरीत घेतली आणि तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. दार निर्दोष आहे. जे बाहेर होते तेच आत आले आणि जे आले नाही ते बाहेर नव्हतेच, असे आपण धरून चालतो. हे गृहीत खरे असेल, तर डावीकडच्या लोकांचा बचाव बिनतोड ठरतो. ते खरे आहे काय?

शिकावे लागणारे पाहणे

डब्लिनचे विद्वान विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यापुढे एक प्रश्न मांडला. जन्मांध माणसाला हाताने चाचपून गोल आणि घन यांतला भेद कळतो. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून, गोल कोणता आणि घन कोणता हे त्याला सांगता येईल काय? मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी विवाहानंतर थोड्याच काळात गेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नामागे केवळ बौद्धिक कुतूहल नसावे, असे वाटते. लॉक यांनी १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो प्रश्न छापला आणि उत्तर दिले : नाही, सांगता येणार नाही.

१७२८ साली लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी मोतीबिंदू काढून दृष्टी दिलेल्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा तेराचौदा वर्षांचा होता. आरंभी त्याला वाटे, की जे काही दिसते आहे ते सारे डोळ्यांना चिकटलेलेच आहे. घरातले मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे तो पुन:पुन्हा विसरे. शेवटी एकदा त्याने मांजराला धरले, हाताने नीट चाचपले, मग टक लावून पाहिले आणि पुढच्या वेळी तुला नक्की ओळखीन, असे त्याला बजावून सोडून दिले. चित्रे त्याला प्रथम नुसते रंगाचे डाग वाटत. सुमारे दोन महिन्यांनी ती माणसांची, वस्तूंची चित्रे आहेत हे उमगल्यावर त्याने हात लावून पाहिला, तर चित्र सपाट! तेव्हा त्याने विचारले, की खोटे कोण बोलते आहे, हात की डोळे?

या प्रश्नाची रीतसर परीक्षा आपल्याच देशात झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील भारतीय वंशाचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ नावाचा प्रकल्प सुरू केला. जन्मांध पण उपचारयोग्य अशा गरीब मुलांवर शस्त्रक्रिया करणे आणि दृष्टी कशी घडते याचा अभ्यास करणे, असे त्याचे दुहेरी उद्दिष्ट आहे. २०११ साली या गटाने आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताने चाचपलेली वस्तू पुन्हा हातानेच ओळखायची असली, की ही मुले जवळजवळ चुकत नसत. पाहिलेली वस्तू पाहून ओळखण्यातही शंभरातील ब्याण्णव उत्तरे बरोबर येत. पण हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायची म्हटली, की बरोबर उत्तरे शंभरात अठ्ठावन्नवर येत. दोनांतून एक निवडायची होती, तेव्हा हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखेच झाले. मात्र काही दिवसांच्या सरावाने त्यांना हा मेळ साधू लागला. याच प्रकल्पातील २००९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले, की नव्याने दृष्टी आलेल्यांना एकावर एक आलेल्या आकृत्या तुकड्यातुकड्यांच्या दिसतात; त्या हलू लागल्या, की कोणते तुकडे कोणाचे हे त्यांना उमगते.

हे वाचताना मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील बेथसैदाचा आंधळा आठवल्यावाचून राहत नाही. प्रभूने प्रथम हात ठेवल्यावर त्या माणसाला माणसे दिसली, परंतु ती झाडांसारखी. चालत होती म्हणून माणसे. प्रभूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा सारे स्पष्ट झाले. शुभवर्तमानकाराला येथे नेत्रवैद्यक शिकवायचे नव्हते. या घटनेच्या थोडे आधी प्रभूने डोळे असून न पाहणाऱ्या शिष्यांची कानउघाडणी केली आहे आणि लगेच पुढे पेत्राने प्रभूला अर्धवट ओळखल्याचा प्रसंग आहे. दृष्टी मिळणे ही एक पायरी आणि पाहता येणे ही दुसरी, हे मार्कला शिष्यांविषयी सांगायचे होते. ते डोळ्यांच्या बाबतीतही अक्षरश: खरे निघाले.

तेव्हा डोळा हे नुसते दार नव्हे. तो विद्यार्थी आहे.

शिकणे आणि गाळणे

हा विद्यार्थी शिकतो कसा? १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या संशोधकांनी अंधारात वाढवलेल्या मांजराच्या पिलांच्या जोड्या घेतल्या. पट्टे काढलेल्या एका गोल भिंतीच्या आत दांड्याच्या एका टोकाला एक पिलू जुंपलेले असे. ते आपल्या पायांनी चाले. दुसऱ्या टोकाला लहानशी पाळण्यासारखी पेटी होती; तीत बसलेले दुसरे पिलू पहिल्याच्या चालण्याने फिरवले जाई. दोघांच्या डोळ्यांपुढून जवळजवळ एकसारखीच दृश्ये जात होती. काही आठवड्यांनी परीक्षा घेतली, तेव्हा चाललेले पिलू खोल जागेच्या काठावर थबकू लागले, जमीन जवळ येताच पाय पुढे करू लागले, अंगावर येणारी वस्तू पाहून डोळे मिटू लागले. पाळण्यातल्या पिलाला हे काहीच येत नव्हते. त्याला दिसत होते. पण दिसण्याचा उपयोग कळत नव्हता. मुक्या जीवांवरच्या अशा प्रयोगांविषयी कोणाचे मन द्रवले, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यातून निघालेली गोष्ट विसरता येत नाही : पाहणे पायांनी शिकले जाते. ‘प्रकाश’ प्रकल्पाच्या २०११ सालच्या लेखावर पहिले नाव याच हेल्ड यांचे आहे.

शिकण्याची दुसरीही बाजू आहे. मराठी माणसाला ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद सांगावा लागत नाही. ताट आणि टाट यांची गल्लत आपल्याकडे होत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरातील प्रौढाला मात्र हा भेद नीटसा ऐकूच येत नाही. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात असे दाखवून दिले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांची बालके हिंदीतले हे दोन वर्ण वेगळे ओळखतात. वर्षाची होता होता त्यांतील बहुतेकांची ही शक्ती लोपते. त्यांच्या कानाला काही झालेले नसते. ज्या भेदाने घरात काही बिघडत नाही, तो भेद कान सोडून देतो. म्हणजे शिकणे हे जसे मिळवणे आहे तसेच ते गाळणेही आहे. काय टिपावे याबरोबरच काय टिपू नये, हेही इंद्रिय शिकते आणि ते आपल्याला नकळत शिकते.

याचा अनुभव आपल्याला रोजच्या जीवनात आहे. मासळीबाजारात पाऊल टाकणाऱ्याला वास असह्य होतो; तेथे दिवसभर बसणारीला तो जाणवतही नाही. रेल्वेमार्गालगत राहणाऱ्या घरात पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही आणि यजमान गाडीमागून गाडी जात असता घोरत असतो. हे गाळणे ही परमेश्वराची कृपाच आहे. प्रत्येक आवाज प्रत्येक क्षणी नव्याने आदळत राहिला, तर माणूस वेडा होईल. परंतु जे इंद्रिय गाडीचा आवाज गाळते, तेच दारातल्या माणसालाही गाळू शकते.

लूकने सांगितलेल्या धनवान माणसाच्या दारात लाजरस पडून असे. धनवानाने त्याला हाकलले, मारले, शिवी दिली, असे कोठेही लिहिलेले नाही. तो रोज त्याच दारातून ये-जा करीत असला पाहिजे. कुत्रे येऊन लाजरसाचे फोड चाटीत. म्हणजे कुत्र्यांना तो दिसत होता. पुढे मृतलोकात यातना भोगताना धनवान अब्राहामाला विनवतो, तेव्हा लाजरसाचे नाव घेऊन विनवतो. याचा अर्थ, नावही त्याला ठाऊक होते! डोळ्यांनी पाहिले होते, कानांनी ऐकले होते आणि सवयीने दोन्ही गाळून टाकले होते.

येथवर कदाचित सवयीला दोष देऊन आपण सुटू शकू. परंतु इंद्रियांचे शिक्षण नेहमीच आपोआप होत नाही. ते समाज देतो. तान्ह्या बाळाला किळस नसते. हाताला लागेल ते ते तोंडात घालते. कशाची शिसारी धरावी, हे आपण त्याला शिकवतो. आणि आपल्या देशात वस्तूंच्या शिसारीबरोबर माणसांची शिसारीही शिकवली गेली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. त्यानंतर त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पाण्याचा रंग बदलला नव्हता, चव बदलली नव्हती, वास आला नव्हता. पाचही इंद्रियांनी काही तक्रार केली नसताना विटाळ मात्र झाला होता. जे नाही ते जाणवणे आणि जे आहे ते न जाणवणे, दोन्ही एकाच शाळेत शिकवले जाते. तहानलेल्या माणसाची तहान त्या काठावरच्या कित्येकांना दिसली नव्हती.

हे दुसऱ्यांच्या अंगणात बोट दाखवण्यासाठी आम्ही लिहीत नाही. एका भाकरीत सहभागी होणाऱ्या आपल्या ख्रिस्तसभेतही देशाच्या काही भागांत दलित ख्रिस्ती बांधवांसाठी वेगळ्या जागा, वेगळ्या स्मशानभूमी राहिल्या. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून, हा भेद ख्रिस्तसभेच्या आतही आहे, हे उघडपणे मान्य केले. वेदीवर एकाच प्याल्याची उपासना आणि बाहेर वेगळी कबर, यांतील विसंगती इतकी वर्षे लोकांना खुपली नाही, याचे कारण डोळ्यांना ती खुपू नये असे वळण लागले होते.

घाई

इंद्रियांवर पडदा ओढणारी आणखी एक गोष्ट आहे. ती वरकरणी फारच निरुपद्रवी दिसते. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील ईशज्ञान सेमिनरीच्या चाळीस विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील काहींना चांगल्या शमरोन्याच्या दृष्टांतावर थोडक्यात बोलायचे होते, काहींना दुसऱ्याच विषयावर. बोलण्यासाठी त्यांना शेजारच्या इमारतीत जायचे होते. काहींना सांगितले, की अजून अवकाश आहे. काहींना, की वेळ झाली आहे. काहींना, की उशीर झाला आहे, धावा. वाटेत एका दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. अवकाश असलेल्यांपैकी शेकडा त्रेसष्ट जणांनी त्याला काही ना काही मदत केली. वेळेवर निघालेल्यांपैकी पंचेचाळीस जणांनी. आणि उशीर झालेल्यांपैकी केवळ दहा जणांनी. ज्या विषयावर बोलायचे होते त्याने फारसा फरक पडला नाही. शमरोन्यावर प्रवचन करायला निघालेले काही जण त्या माणसाला अक्षरश: ओलांडून गेले.

हा प्रयोग कोणाही धर्मगुरूने वर्षातून एकदा तरी आठवावा, असा आहे. आपण त्या विद्यार्थ्यांना निर्दय म्हणू नये. संशोधकांचाही निष्कर्ष तसा नव्हता. घाईने माणसाचे लक्ष आक्रसते. कण्हणे कानावर पडते, परंतु ते ‘कोणी तरी संकटात आहे’ असे उमटतच नाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर याजकाने आणि लेव्याने पाहिले, असे लूक सांगतो, शमरोन्यानेही पाहिले. तिघांसाठी क्रियापद एकच आहे. पण त्या पाहण्याने एकाचेच काळीज हलले.

मग दोष कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शंका अशी येईल, की बालपण, समाज आणि परिस्थिती जर आपल्या डोळ्याकानांना असे घडवीत असतील, तर आपल्या माथी दोष कसा? पट्टी तर दुसऱ्यांनी बांधली. आपण ना धृतराष्ट्र, ना गांधारी.

ही शंका आम्हांला खरोखर महत्त्वाची वाटते आणि तिचे अर्धे म्हणणे मान्यही आहे. प्रत्येक न दिसणे पाप नव्हे. जगातील सर्व दु:खे एकाच वेळी नजरेत धरण्याची शक्ती परमेश्वराने कोणाला दिलेली नाही आणि तशी त्याची अपेक्षाही नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या मुलीला रस्त्यावरचा भिकारी दिसला नाही, तर तिला कोण दोष देईल? पट्टी कोणी बांधली, याबद्दल आपली झडती होणार नाही. परंतु ती सोडता येते काय, हा प्रश्न उरतोच. सोडता येत नसेल, तर आपण निर्दोष. येत असेल, तर आपले अज्ञान दूर होण्याजोगे आणि आपला बचाव फोल.

आणि ती सोडता येते, याला साक्षी आहेत. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२६ साली, मृत्यूच्या थोडे आधी, आपले मृत्युपत्र सांगितले. त्यात ते आठवण देतात, की तरुणपणी कुष्ठरोग्यांचे दर्शनही त्यांना कडू वाटे. प्रभूने त्यांना त्या रोग्यांमध्ये नेले, त्यांनी त्यांची सेवा केली आणि मग जे कडू होते ते गोड झाले. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी गोडी वाटली आणि मग ते गेले, असे घडले नाही. ते आधी गेले. जीभ, नाक, डोळे मागून बदलले.

आपल्या महाराष्ट्रातील साक्ष बाबा आमटे यांची. वरोऱ्याला मैला वाहण्याचे काम स्वत: अंगावर घेणारा हा निर्भय माणूस एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला पडलेला मरणोन्मुख कुष्ठरोगी पाहून भयाने घरी पळाला. पण त्या पळण्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते परत गेले, त्या रोग्याच्या डोक्यावर आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. १९४९ साली स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीचे बीज त्या परतण्यात आहे. भय गेल्यावर ते परतले नाहीत. परतत राहिल्यामुळे भय गेले.

पाळण्यात वाढलेल्या त्या पिलाचेही असेच झाले. त्याला मोकळे सोडले, आपल्या पायांनी हिंडू दिले, तेव्हा थोड्याच अवधीत तेही पाहायला शिकले. इंद्रियांचे शिक्षण पुन्हा होऊ शकते. अट एवढीच, की पाळण्यातून खाली उतरले पाहिजे.

ही अट आजच्या पिढीला फार जड जाणार आहे, असे आम्हांला वाटते. मागच्या कोणत्याही पिढीने पाहिले नसेल इतके दु:ख आपण आज पाहतो. महापूर, युद्ध, उपासमार, बेघर मुले, सारे हातातल्या मोबाईलवर जेवणाच्या ताटाशेजारी येऊन पडते. आपण पाहत नाही, असे कोण म्हणेल? पण आपण पाळण्यातून पाहतो. दृश्ये फिरतात, आपण बसलेले असतो. बोटाने एक दु:ख वर सरकवले, की दुसरे येते. अशा पाहण्याने डोळे थकतात, पाय शिकत नाहीत. दूरदेशीच्या लाजरसावर हळहळणाऱ्याला आपल्या इमारतीच्या गटारात उतरलेल्या माणसाचा चेहरा सांगता येत नाही. माणसाकरवी मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. तरीही माणसे उतरत राहिली आणि गुदमरून मेली. कायद्याला दिसले, आपल्या खिडकीला दिसले नाही.

यासाठी इंद्रियनिग्रहाचा अर्थ आपण थोडा विस्तारला पाहिजे. नको ते पाहू नये, हा निग्रहाचा एक भाग झाला. हवे ते पाहण्यासाठी डोळ्यांना वळण लावणे, हा दुसरा आणि तो अधिक कठीण. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त इंद्रिये मिटायला सांगितले नाही, शुभवर्तमानातील प्रसंग मनाने पाहावा, ऐकावा, हुंगावा, चाखावा, त्याला स्पर्श करावा, अशी साधना सांगितली. त्या साधनेतून उठल्यावर तीच इंद्रिये घेऊन आपण रस्त्यावर जायचे असते. उपवासकाळात आपण जिभेला काही गोष्टी नाकारतो. त्याच काळात आठवड्यातून एक वाट वाहनाऐवजी पायी चालावी, जिचे दार रोज ओलांडतो तिचे नाव विचारावे, ज्याच्या शेजारी बसणे टाळतो त्याच्या शेजारी बसावे. या लहान गोष्टी आहेत. डोळ्यांचे शिक्षण मोठ्या गोष्टींनी होत नाही.

आपल्या उपासनेत या साऱ्याची खूण जुन्या काळापासून आहे. बाप्तिस्म्याच्या विधीत बालकाच्या कानांना आणि मुखाला स्पर्श करून, ती उघडली जावीत अशी प्रार्थना होते. आणि आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या अंत्याभ्यंगात, धर्मगुरू मरणोन्मुख माणसाचे डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना एकेक करून तेल लावीत असे आणि त्या त्या इंद्रियाने जे घडले असेल त्याची क्षमा मागत असे. त्या लॅटिन प्रार्थनेतील ‘डेलिंक्वेरे’ या क्रियापदाच्या मुळाशी ‘सोडून देणे, उणे पडणे’ हा अर्थ आहे. डोळ्यांनी जे करू नये ते केले, तसेच डोळ्यांनी जे करायचे ते राहून गेले, दोन्ही त्या एका शब्दात सामावते. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या इंद्रियांना ख्रिस्तसभा निर्दोष दारे मानीत नव्हती. त्यांनाही क्षमेची गरज आहे, असे ती मानीत होती.

पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली हा विधी सुटसुटीत केला. आता रुग्णाभ्यंगात कपाळाला आणि हातांना तेल लावले जाते, डोळ्यांना नाही. या बदलामागची कारणे उपासनेची आणि सोयीची होती. तरीही तेलात बोट बुडवून रुग्णाचे तळहात उलगडताना आम्हांला नेहमी वाटते, की या बदलात एक शहाणपणही उतरले आहे. पट्टी लहानपणीच दुसऱ्या कोणी बांधली असेल. आपले हात मात्र कोणी बांधलेले नाहीत.